साध्या टेक्स्ट फाइलमधला डेटा: कॉमा, टॅब, पाइप की आणखी काही?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी,

सध्या वेगवेगळ्या ठिकाणच्या याद्या एकत्र करायचं काम करतोय, पतसंस्थेचे सभासद, शाळेचा पट, वाचनालयातली पुस्तकं असलं सगळं, आणि जो तो "सीएसव्ही पाठवलीय बघा" म्हणतो (सीएसव्ही म्हणजे ओळीला एक नोंद आणि कॉमाने तोडलेले रकाने असलेली साधी टेक्स्ट फाइल) पण प्रत्येकाची सीएसव्ही वेगळी निघते. कोणाची कॉमाने तोडलेली, कोणाची सेमीकोलनने, कोणाची टॅबने, एक फाइल तर अर्धी कॉमाची आणि अर्धी पाइपची (|) होती कारण दोघांनी वाटून काम केलं आणि शेवटी नुसतं चिकटवलं. म्हणून म्हटलं ह्या विषयावर नीट धागाच काढू.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सीएसव्ही मला मनापासून आवडते, नोटपॅडमध्ये उघडते, कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही, आज केलेली फाइल वीस वर्षांनीही वाचता येईल हे छातीठोकपणे सांगता येतं. पण ती फाइल स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. कोणतं चिन्ह रकाने तोडतं, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) कुठलं, तारखेत आधी दिवस की महिना, रिकामा रकाना म्हणजे शून्य की माहिती नाही, हे सगळं पाठवणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि तिथेच राहतं.

कॉमाने तोडलेला डेटा वाचायची सोय आयबीएमच्या ओएस/३६० वरच्या फोरट्रान कंपायलरमध्ये १९७२ लाच होती. नियम नीट लिहून निघाले ते मात्र ऑक्टोबर २००५ मध्ये, आरएफसी ४१८० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींची कागदपत्रं), याकोव्ह शाफ्रानोविच यांनी लिहिलेलं. तेही 'माहितीसाठी' ह्या वर्गातलं, म्हणजे पाळलंच पाहिजे असं काही नाही. मधल्या तेहतीस वर्षांत ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने कॉमा टाकले, त्यामुळे आज जे चाललंय त्यात नवल काहीच नाही.

त्यातला महत्त्वाचा नियम एवढाच की रकान्यात कॉमा, नवीन ओळ किंवा दुहेरी अवतरणचिन्ह असेल तर अख्खा रकाना दुहेरी अवतरणात घालायचा, आणि आतलं अवतरणचिन्ह दोनदा लिहायचं. असं:

१०४,"फ्लॅट ४, दुसरा मजला, शनिवार पेठ, पुणे","१,२५,०००"
१०५,"बंगला ""सावली"", कोथरूड, पुणे","८०,०००"

आपल्याकडचे पत्ते कॉमाशिवाय लिहिताच येत नाहीत आणि रकमेत लाखाचा कॉमा वेगळा, हजाराचा वेगळा. त्यामुळे हा एक नियम पाळला नाही की एका माणसाचे तीन रकान्यांऐवजी आठ होतात, आणि मग कोणाची रक्कम कोणाच्या पिनकोडखाली गेली ते शोधत बसायचं.

तुमच्या कामात कुठलं चिन्ह वापरता आणि का, ते लिहा प्लीज.

---

हिशेबवाली

छान धागा. मी पगारपत्रकांचं काम करते त्यामुळे माझ्याकडे कॉमाचा प्रश्नच नाही, सरकारने तो आधीच सोडवून ठेवलाय :) भविष्यनिर्वाह निधीची ईसीआर फाइल (दर महिन्याच्या वर्गणीचं विवरण) बघा, साधी टेक्स्ट फाइल असते आणि रकाने तोडायला #~# ही तीन चिन्हं एकत्र. आधी यूएएन (सभासदाचा पीएफ क्रमांक), मग नाव, एकूण वेतन, मग पीएफ, पेन्शन आणि विम्याचं वेतन, मग वर्गणीचे आकडे, बिनपगारी दिवस, शेवटी परत केलेली आगाऊ रक्कम, असे एकूण ११ रकाने. नवीन मुलं कामाला आली की विचारतात हे काय विचित्र, पण मला ते फार आवडतं कारण भारतातल्या कुठल्याही माणसाच्या नावात #~# येणार नाही, म्हणजे अवतरणचिन्हांची भानगडच नको.

टीडीएसच्या विवरणपत्राची फाइल पण तशीच, तिथे ^ हे चिन्ह. त्यात प्रत्येक ओळीवर ती कसली ओळ आहे हेही लिहिलेलं असतं, एफएच म्हणजे फाइलचं शीर्षक, बीएच म्हणजे बॅचचं, सीडी म्हणजे चलन, डीडी म्हणजे ज्याचा कर कापला तो. रकाना रिकामा असला तरी त्याचं ^ द्यावंच लागतं, एक जरी गाळलं तरी तपासणीचं सॉफ्टवेअर फाइल परत पाठवतं. सुरुवातीला त्रास वाटतो पण चुकीची फाइल पुढे जाण्यापेक्षा दारातच अडकलेली बरी.

एक सांगते सगळ्यांना, यूएएन १२ आकडी असतो आणि आधारही १२ आकडी. एक्सेलमध्ये १२ आकड्यांपासून पुढची संख्या साध्या रकान्यात ई वाली (१.२३E+११ अशी) दिसायला लागते. तिथपर्यंत ठीक, आत आकडा शाबूत असतो. पण ती फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केलीत की एक्सेल जे दिसतंय तेच लिहितं, मग खरा नंबर गेला तो गेला. १६ आकडी खाते क्रमांकाचं त्याहून वाईट, एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच धरतं आणि सोळाव्याचा शून्य करतं. आणि खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य तर उघडताक्षणीच जातात. तर सीएसव्हीवर डबलक्लिक करू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' ने आत घ्या आणि नंबरांचे रकाने 'टेक्स्ट' ठेवा.

---

जुना_टंकलेखक

हिशेबवाली ताईंनी लिहिलंय की कुठल्याच नावात #~# येणार नाही, ते युनिकोडमध्ये, म्हणजे हल्लीच्या प्रमाण अक्षरपद्धतीत, खरं. पण माझ्या कामात ज्या जुन्या याद्या येतात त्यात कॉमा हा कॉमाच नसतो, त्याबद्दल सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे अजून कितीतरी कार्यालयांत हा माल पडून आहे.

कृतिदेव फॉन्ट. हिंदीवाले जास्त वापरायचे पण मराठी टायपिंग आणि डीटीपीतही भरपूर होता. त्यात मजकूर देवनागरी म्हणून साठवलेला नसतोच, कीबोर्डवरची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फक्त फॉन्टमध्ये त्यांना देवनागरी चित्रं लावलेली. आता नीट बघा: कॉमाच्या जागी ए आहे, सेमीकोलनच्या जागी य, पाइपच्या जागी द्य, आणि दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागी अर्धा ष.

म्हणजे 'एकनाथ' ह्या नावाची सुरुवातच कॉमाने होते. 'विद्यालय' शब्दात एक पाइप आणि एक सेमीकोलन आहे. 'विशेष' मध्ये दुहेरी अवतरणचिन्ह आहे. तालुक्यातल्या शाळांची यादी कृतिदेवमधून सीएसव्हीत काढा, प्रत्येक विद्यालय मधोमध तुटेल, कॉमा घ्या, सेमीकोलन घ्या की पाइप घ्या, कुठलं ना कुठलं अक्षर आडवं येतंच. सही पद्धतीने अवतरणात घातलं तर तांत्रिकदृष्ट्या वाचतं, पण ज्या जुन्या प्रोग्रामातून हे निघतं त्यांना अवतरणाचे नियम माहितीच नसतात. तोडायला सुरक्षित उरतो तो फक्त टॅब.

माझी पद्धत अशी आहे. फाइल जिथे आहे तिथेच, म्हणजे वर्डच्या तक्त्यात किंवा डेटाबेसमध्येच आधी युनिकोडमध्ये बदलायची आणि मग निर्यात करायची, उलटं कधीच नाही. बदलताना एकेक रकाना घ्यायचा, कारण ईमेल किंवा इंग्रजी नावाच्या रकान्यावर कन्व्हर्टर फिरला की त्याची देवनागरी खिचडी होते. आणि बदलून झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासायचे, कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे कच्चा कन्व्हर्टर असेल तर 'शिक्षण' सारखे शब्द बिघडतात. मुद्दाम जोडाक्षरांवरच्या वेलांट्या बघा, 'स्थिती', 'व्यक्तिगत', 'बुद्धिमान' असे शब्द.

---

मुळाकाठ

काका, हे माहितीच नव्हतं! माझ्याकडे वाचनालयाची जी यादी आलीय तिच्यात काही ओळी मधेच तुटतायत आणि मी शोधत होतो की नावात कॉमा कोणी टाकला. आता कळलं, प्रत्येक तुटलेल्या ओळीत ए आहे.

---

रानजाई

मी शिक्षिका आहे, मला ह्यातलं फार कळत नाही पण एक प्रश्न विचारते. ऑनलाइन फॉर्ममधून मुलांची नावं डाउनलोड केली, फॉर्ममध्ये मराठी दिसतात, एक्सेलमध्ये उघडलं की नावांच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी ए आणि मधे कसलीतरी चिन्हं येतात. डेटा गेला का माझा?

---

बिटबाइट

रानजाई ताई, डेटा कुठेही गेलेला नाही, काळजी करू नका. फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) आहे, त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये लिहितात. एक्सेलला फाइलच्या सुरुवातीला खूण दिसली नाही की ते समजतं ही जुन्या पद्धतीची इंग्रजी फाइल आहे आणि एकेका बाइटचं एकेक अक्षर दाखवतं. टोप्यांची ए ही त्या तीन बाइटमधली पहिली, म्हणून ती सारखी सारखी दिसते. फक्त अशी बिघडलेली फाइल सेव्ह करू नका, सेव्ह न करता बंद करा.

मग हिशेबवालींनी सांगितल्याप्रमाणे डेटा मेनूतून आत घ्या आणि फाइल ओरिजिनच्या जागी '६५००१ : युनिकोड यूटीएफ-८' निवडा. लिब्रेऑफिस असेल तर आणखी सोपं, ते उघडतानाच खिडकी दाखवून एन्कोडिंग आणि विभाजक दोन्ही विचारतं. माझ्या मते सगळ्यांनी असंच विचारलं पाहिजे.

पुढे तुम्ही स्वतः कोणाला पाठवताना एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा प्रकार आहे तो निवडा, त्यात ती सुरुवातीची खूण, जिला बॉम म्हणतात, आपोआप पडते. प्रोग्रामवाल्यांसाठी: हाच बॉम पायथनमध्ये नडतो, पहिल्या रकान्याच्या नावाला न दिसणारं चिन्ह चिकटतं आणि 'क्रमांक' नावाचा रकाना समोर असूनही सापडत नाही. वाचताना एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८-सिग' द्या. आणि विंडोजवर लिहिताना न्यूलाइन रिकामी द्या नाहीतर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते.

---

रानजाई

दिसली नावं! खूप खूप धन्यवाद दादा.

---

हायडलबर्गकर

इकडची गोष्ट सांगतो. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून कॉमा लिहितात, साडेतीन म्हणजे ३,५, आणि हजारासाठी टिंब. त्यामुळे कॉमा रकाने तोडायला मोकळाच नाही, इथली सीएसव्ही सेमीकोलनची असते, फ्रान्समध्येही तेच. एक्सेल विभाजक कुठून घेतं तर विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधून. म्हणजे पुण्याच्या ऑफिसने पाठवलेली अगदी बरोबर फाइल माझ्याकडे डबलक्लिक केली की सगळा मजकूर एकाच रकान्यात, आणि माझी त्यांच्याकडे तशीच. दोघांचंही बरोबर आणि तरी दोघंही अडलेले.

पहिल्या ओळीत 'सेप' लिहून विभाजक सांगायची सोय एक्सेलमध्ये आहे पण ती सगळीकडे चालत नाही, बरेच प्रोग्राम ती ओळ डेटाच समजतात. आमच्याकडे शेवटी ठरवलं की मशीन ते मशीन जाणारं सगळं टॅबने, दशांश टिंबाने, हजाराचा विभाजक अजिबात नाही, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस. ०३/०४/२०२४ ही तारीख भारतात ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च, आणि फाइलमध्ये बघून ठरवायला काहीही मार्ग नाही. २०२४-०४-०३ लिहिलं की वाद संपला, शिवाय नुसतं अक्षरानुसार लावलं तरी क्रम बरोबर येतो.

---

पेशीकेंद्र

तारखेवरून, आमच्या क्षेत्रात तर जनुकांची नावंच बदलावी लागली. सेप्ट२, मार्च१ अशी मानवी जनुकांची चिन्हं होती, एक्सेल ती उघडताना २ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकायचं. २००४ लाच ह्यावर शोधनिबंध आला होता, २०१६ मध्ये छापलेल्या निबंधांसोबतच्या एक्सेल फाइली तपासल्या तेव्हा जनुकांच्या याद्या असलेल्या साधारण एक पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच सेप्टिन२, मार्चएफ१ अशी नवी चिन्हं दिली. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हा आपोआप बदल बंद करायचा पर्याय आला, फाइल पर्यायांत जाऊन तो जरूर बंद करा.

मला ह्यात वाईट ह्याचं वाटतं की मूळ टेक्स्ट फाइल बिनचूक होती. प्रयोगशाळेतल्या यंत्राने बरोबर लिहिलं, मधल्या एका उघडून-सेव्ह करण्याने बिघडलं, आणि नंतर वाचणाऱ्याला ते कळायचा मार्गच नाही.

---

कोरडवाहू

सगळं वाचलं. प्रामाणिकपणे विचारतो, एवढ्या अडचणी आहेत तर सीएसव्ही सोडूनच का देत नाही? जेसन ह्या टेक्स्ट प्रकारात संख्या आणि मजकूर वेगळे कळतात. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, रकान्यांचे प्रकार आत, एन्कोडिंग आत. मोठा डेटा असेल तर पार्के हा बायनरी फाइल प्रकार. इंग्लंडमध्ये २०२० ला करोनाचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळले ते ह्या सीएसव्हीमुळेच ना?

---

बिटबाइट

कोरडवाहू, ते उलट आहे. प्रयोगशाळा सीएसव्हीच पाठवत होत्या आणि त्या फाइली पूर्ण होत्या. आरोग्य खात्याकडे त्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या एक्सेल फाइलीत ओढल्या जात होत्या, त्या प्रकाराची मर्यादा ६५,५३६ ओळी, एका रुग्णाला अनेक ओळी लागायच्या, मर्यादेपुढच्या ओळी गुपचूप कापल्या गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरचे रुग्ण होते ते, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. नव्या एक्सेललाही १०,४८,५७६ ओळींची मर्यादा आहेच. साध्या टेक्स्ट फाइलला ओळींची मर्यादाच नसते.

यातून घ्यायचं ते हे की पाठवताना ओळींची संख्या वेगळी कळवायची आणि घेणाऱ्याने आत घेतल्यावर मोजून बघायची. फक्त रकान्यात नवीन ओळ असेल तर फाइलच्या ओळी आणि नोंदी सारख्या नसतात, म्हणून संख्या नोंदींची कळवा.

---

मुळाकाठ

कोरडवाहू, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. एकमेकांना जोडलेले चार-पाच तक्ते असतील तर एसक्यूलाइटच घ्यावं, मीही घेतो. पण माझ्याकडे याद्या येतात त्या पतसंस्थेच्या लिपिकाकडून, शाळेतल्या बाईंकडून. त्यांच्याकडे एक्सेल आहे, मोबाइल आहे, बस्स. पार्के फाइल त्यांना उघडून बघता येणार नाही, आणि जी फाइल पाठवणाऱ्याला स्वतःला वाचता येत नाही तिच्यातली चूक तो पकडणार कशी? "ह्या बाई वारल्या, नाव काढा" हे लिपिकाला फाइल बघूनच कळतं, मला नाही कळत.

म्हणून मी एवढंच मागायला लागलोय की फाइलसोबत एक छोटी टेक्स्ट फाइल द्या, विभाजक कुठला, एन्कोडिंग, तारखेची पद्धत, नोंदी किती, प्रत्येक रकान्यात काय, रिकामं म्हणजे काय. हेच काम नीट शिस्तीत करायचं असेल तर वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने डिसेंबर २०१५ मध्ये त्यासाठी शिफारशी काढल्यात, रकान्यांची माहिती शेजारच्या जेसन फाइलमध्ये लिहायची. पण मराठीत लिहिलेल्या सहा ओळीसुद्धा पुरतात.

---

एसआयपीवाला

म्युच्युअल फंडांची रोजची एनएव्ही (एका युनिटची किंमत) अॅम्फी ही फंडांची संघटना अशीच टेक्स्ट फाइलमध्ये देते, सेमीकोलनने तोडलेली. योजनेचा कोड, दोन आयएसआयएन (रोख्यांचे ओळख क्रमांक), नाव, एनएव्ही, तारीख. मी त्यावरून घरचा हिशेब ठेवतो. फक्त मधे मधे योजनेचा प्रकार आणि फंड हाउसचं नाव अशा नुसत्या ओळी आणि कोऱ्या ओळी येतात, त्यामुळे सरळ सीएसव्ही म्हणून वाचली तर अडकते. ज्या ओळीत सेमीकोलन नाही ती शीर्षक धरायची की झालं. तारखेत महिना अक्षरात असतो त्यामुळे दिवस-महिन्याचा घोळ होत नाही, हे मला आवडतं.

---

कोरडवाहू

पटलं बऱ्यापैकी. लिपिकाला फाइल वाचता आली पाहिजे हा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. मग एक विचारतो, आस्की ह्या जुन्या अक्षरसंचात खास ह्याच कामासाठी चिन्हं आहेत ना, ३१ क्रमांकाचं रकान्यासाठी आणि ३० क्रमांकाचं नोंदीसाठी? ती वापरली असती तर कॉमाचा प्रश्नच आला नसता.

---

बिटबाइट

आहेत, १९६० च्या दशकापासून आहेत, २८ ते ३१ चारही त्याचसाठी. पण कीबोर्डवर त्यांची कळ नाही आणि संपादकात नीट दिसत नाहीत. मुळाकाठ म्हणतात तेच, माणसाला दिसत नाही आणि टाइप करता येत नाही असं चिन्ह हाताने केलेल्या यादीत येणार कुठून. युनिक्सवाल्यांनी पासवर्ड फाइलला कोलन घेतला, सात रकाने, आजही तसाच चालतो, कारण तो कोणालाही टाइप करता येतो.

अजून एक, सुरक्षेचं. रकाना =, +, - किंवा @ ने सुरू झाला तर एक्सेल त्याला सूत्र समजू शकतं. लोकांनी भरलेल्या फॉर्ममधून आलेली सीएसव्ही असेल तर हे तपासूनच पुढे पाठवा, कोणी मुद्दाम सूत्र भरलेलं असू शकतं. साधं उदाहरण म्हणजे +९१ ने सुरू होणारा मोबाइल नंबर, त्यातलं + जातं आणि उरलेला १२ आकडी होऊन ई वाला दिसतो.

---

हिशेबवाली

+१, मोबाइलचा हा प्रकार दर महिन्याला बघते.

मला एक अडलंय, जाणकारांनी सांगा. दोन फाइली नावावरून जुळवतेय, दोन्ही यूटीएफ-८, दोन्हीत 'ॲड.' लावलेली तीच नावं, दिसायला अगदी सारखी, तरी जुळत नाहीत. मोकळ्या जागा काढून बघितल्या.

---

जुना_टंकलेखक

ताई, ॲ दोन प्रकारे लिहिला जातो. २००८ च्या युनिकोड ५.१ पासून तो एकच स्वतंत्र अक्षर आहे, आणि त्याआधीची पद्धत म्हणजे अ लिहून त्यावर चंद्र देणं. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला ही दोन वेगळी नावं. युनिकोडचं जे नेहमीचं सामान्यीकरण (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं अक्षर एकरूप करणं) असतं ते ह्या दोघांना एक करत नाही, त्यामुळे हाताने 'शोधा आणि बदला' करून सगळीकडे एकच ठेवावं लागतं. तसंच 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' चं, कोणी ऱ ला हलंत जोडून लिहितं तर कोणी र, हलंत आणि मधे न दिसणारा जोडक घालून. 'कुऱ्हाडे' किंवा 'गोऱ्हे' आडनावं असतील तर तीही बघा.

शक्य असेल तर नावावरून जुळवूच नका, यूएएन आहे ना तुमच्याकडे, त्यावरून जुळवा.

---

हिशेबवाली

एका फाइलीत यूएएन नाहीये काका, वकिलांची यादी बाहेरून आलीय. ॲ बदलून बघितला, बरीच जुळली. उरलेल्यांत ऱ्ह वालीच दिसतायत, ती आता करते.